येसबाच्या खालची कोरी जागा

मळेवाडी, जि. सांगली
७ जून १९७२

श्री

भाऊ,

नमस्कार घे. माझं अक्षर बघून कागद फाडू नको, आदी वाच.

ऊसतोडीची टोळी गावाला परतली तवा मी कावून आलो न्हाई हे मुकादमानं सांगितलंच असंल. त्यातलं निम्मं खरं हाय. आपला खैऱ्या बैल गेला हे खरं. कसा गेला ते मुकादमाला म्हाईत न्हाई. रोग पडलता. तोंडाला फेस आला, दोन दिवस उठला न्हाई, तिसऱ्या दिवशी गेला. जोडीचा बैल मुकादमाच्या गाडीमागं बांधून धाडलाय. आबाला म्हण, मला जमंल तेवढा उपाय मी केला.

मी आता हितल्या पाणीपुरवठा सोसायटीत पाटकरी हाय. नदीवरच्या मोटारी पाणी वर चढवतात, ते पाटात येतं. कोणाच्या उसाला कधी पाणी, ती पाळी सोसायटीनं लावून दिलेली. मी फावडं घेऊन फिरायचं, एकाचं दार फोडायचं, दुसऱ्याचं बुजवायचं. दिवसभर पाय पाण्यात. बोटं भिजल्या शेंगेवानी झाल्यात. मोटारीवर इसाक म्हणून मेकॅनिक हाय, आपल्या अंबाजोगाईचा. मला बघून म्हणला, "अबे, बीडचा माणूस आन् पाण्याच्या नोकरीत? तुला कुणी ठेवला?" त्याच्यामुळं बोलायला माणूस हाय.

पत्राचं कारण येगळंच हाय. हितं आपल्याच आडनावाची सात घरं हायत. एका म्हाताऱ्यानं इचारलं, तुमचा मूळपुरुष कोण. मी म्हणलं, येसबा. म्हाताऱ्यानं मला बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणला, आमच्यातबी एक येसाजी होता म्हणतात, वंशावळी लिवणारा भाट येईल तवा पोथीत बघू. भाऊ, आपला येसबा नदीकाठून आला असं आबा सांगतो, ती नदी हीच असंल का?

आबाला इचारून लिव. माझं नाव न घेता इचार.

म्हाळू


मळेवाडी
२ जुलै १९७२

श्री

भाऊ,

कार्ड पोचलं. एवढ्या बारीक अक्षरात लिवलंस, की इसाकचा चष्मा लावून वाचावं लागलं.

मिरग कोरडा गेला, आडदरा कोरडा चाललाय, चारा न्हाई म्हणून जोडीचा उरला बैलबी इकला, हे वाचलं. गावातली दहा घरं मांजरसुंब्याला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, तिथं टँकर येतो, तुलाबी वैनीला आन् आबाला घेऊन निघायचंय, हे बरोबर हाय. लवकर जा. आबा "पांढरी सोडणार न्हाई" म्हणून बसलाय, त्याला मी काय लिवू? येसबाचा बैल जिथं बसला तिथं गाव वसलं, येसबानं मरेस्तोवर जागा सोडली न्हाई, जो सोडंल त्याची पाती वंशातनं तुटंल. हे आपण दुधाबरोबर पिलोय. तू सातवी शिकलास म्हणून तुला ते कागदी वाटतं. मला वाटत न्हाई. मी सोडून बसलोय ना, मला म्हाईत हाय कसं वाटतं.

भगवानरावचं वाचून डोकं फिरलं. गावच्या सोसायटीचा चेरमन झाला म्हणून काय भावकीचाबी चेरमन झाला का तो? सोसायटीच्या वट्यावर चार माणसांत म्हणतो, "त्रिंबकआबा, बैलच न्हाई तर पोळ्याचा मान कशाचा, दोरीचा?" तोरणाखालून पहिला बैल आपला जायचा कारण आपण थोरली पाती. धाकट्या पातीचा माणूस हे बोलतो. आन् आबा काय म्हणला, तर "मान बैलाचा न्हाई, रक्ताचा हाय. भाटाच्या पोथीतून काढून दावतो."

म्हंजे बोट माझ्याकडंच आलं. खैऱ्या असता तर ही येळ आली नसती, हे तू कार्डात लिवलं न्हाईस, पण मी वाचलं.

भाट आलाय. हरचंद भाट. पावसाळ्यात तो फिरत न्हाई, हितल्या मारुतीच्या देवळात मुक्काम करतो. त्याच्याकडं दोन गाठोडी पोथ्या हायत. त्याला एका डोळ्यानं दिसत न्हाई. मी इचारतो.

म्हाळू


मळेवाडी
२० जुलै १९७२

श्री

भाऊ,

हे पान आबाला मोठ्यानं वाचून दाखव. जमलं तर सोसायटीच्या वट्यावर, भगवानराव असताना वाच.

तीर्थरूप आबांच्या पायावर डोकं ठेवून म्हाळू कळवतो, की मळेवाडी मुक्कामी हरचंद भाटानं पोथी सोडली. पोथीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आपल्या आडनावाची सात घरं साक्षीला बसली. पोथीत निघालं ते असं. जानोजीचा लेक येसाजी, तोच आपला येसबा. तो देवाच्या सांगीवरून बैलजोडी घेऊन उत्तरेला गेला आन् त्यानं गाव वसवलं. त्याला दोन लेक. थोरल्याची पाती ती तुमची. धाकट्याची पाती ती भगवानरावची. पिढ्या न् पिढ्या थोरल्याचा थोरला असं नाव चाललंय. भाट म्हणला, ज्यानं पांढरी धरून ठेवली त्याचं नाव पोथीत राहतं.

येवढंच. आबा काय म्हणला ते लिव. मी दिवाळीला येऊ का तेबी इचार.

म्हाळू


मळेवाडी
१६ सप्टेंबर १९७२

श्री

भाऊ,

तुझं पत्र चार बार वाचलं. पहिलं पान वाचलं की हसू येतंय, दुसरं वाचलं की कागद घडी करून ठेवतो.

पोळ्याला आबानं मातीचा बैल ताटात घेतला आन् तोरणाखाली उभा राहिला, हे मला डोळ्यापुढं दिसतंय. आख्ख्या गावात पाच बैल उरल्यात, त्यात भगवानरावची जोडी, तीबी बरगड्या मोजाव्यात अशी. तरी तो बाजूला सरला. "व्हा पुढं आबा, पोथीपुढं चेरमनचं काय चालतं," म्हणला. हसत म्हणला का रागानं म्हणला, ते तू लिवलं न्हाईस. आबानं माझा कागद पटक्यात ठेवलाय, येईल त्याला म्हाळूचा कागद म्हणून दावतोय. नाव घेतलं म्हण की त्यानं. टोळी परतल्यापासून पहिल्यांदा घेतलं.

दुसऱ्या पानाचं असं. तू म्हणतोस, माझ्या कागदानं आबाचे पाय जमिनीत रोवले. आदी निदान कां-कू करत होता, आता म्हणतो, पोथीतच लिवलंय, पांढरी धरील त्याचं नाव राहील. तू वैनीला आन् लेकरांला घेऊन मांजरसुंब्याला गेलास, तो मागं एकटा. गावात कोण उरलंय? म्हातारी भिवराबाई आन् दोन घरं. प्यायला पाणी येसबाच्या हिरीत, तेबी खाली उतरून झिऱ्यातनं वाटीनं भरायचं.

भाऊ, त्यात माझा काय दोष? तू इचार म्हणलास, मी इचारलं. पोथीत निघालं ते लिवलं. तू पाठीवर घालून घेऊन जा त्याला. तू थोरला हायस.

दिवाळीला सुट्टी मिळंल असं वाटत न्हाई. सोसायटीत माणूस कमी हाय.

म्हाळू


मळेवाडी
८ ऑक्टोबर १९७२

श्री

भाऊ,

हे पत्र तुझ्या कामावरच्या पत्त्यावर धाडतोय. मिळालं की खडीचा हातोडा खाली ठेव आन् तीन कोस चालत गावाला जा. आबाला वाचून दाखव. आदी तू एकदा वाच, मग शिव्या दे, मग जा.

खैऱ्याला रोग पडला न्हवता. चार गाडीवानांत पैज लागली, भरल्या गाड्या वढ्यातून कोण आदी काढतो. लोकं वरडत होती, म्हाळ्या हान, म्हाळ्या हान. मी मानाचा बैल जुपला आन् त्याच्या शेपटीला हात घातला. मधल्या दगडावर त्याचा पाय सरकला, वर दोन टन ऊस. हाड मोडल्याचा आवाज मी आयकला. मग कसायाला बोलावलं. मी तिथं थांबलो न्हाई. म्हणून टोळीबरोबर आलो न्हाई.

आता पोथीचं. पोथी सोडली हे खरं, नारळबी खरा, सात घरं बसली हेबी खरं. पोथीत निघालं ते मी लिवलं तसं न्हवतं. भाटानं बोट ठेवून वाचलं: "जानोजी. त्याचा लेक येसाजी. मोठ्या दुष्काळात बाप खाटेवर असता बापाची बैलजोडी सोडून घेऊन गेला. परागंदा." बस. त्याच्या खाली काई न्हाई. दुसऱ्या लेकांच्या नावाखाली नुसती नावंच नावं, मुंग्यावानी. येसाजीच्या खाली चार बोटं कोरा कागद.

दोन लेक न्हाईत, थोरली न्हाई, धाकटी न्हाई. आपण कोणीच त्या पोथीत न्हाई. देवाचा सांगावाबी न्हाई. इसाक माझ्याबरोबर आलता, तो म्हणला, "अबे म्हाळ्या, तुझ्या खानदानाला नुसतं डोकंच हाय, धडच न्हाई. आमचं बरं. आज्यापर्यंत मला म्हाईत, त्याच्या वर अल्लाला." सगळी हसली. मीबी हसलो. मला हसायलाच पायजे होतं.

भाट हसला न्हाई. म्हणला, "पोरा, परागंदा म्हणजे मेला असं नाही. गेलेल्यासाठी जागा सोडलेली असते. तू बीडाहून आलास, म्हणजे वंश चालला. नावं सांग, लिहितो. पण येसाजीपासून तुझ्यापर्यंत एकेक नाव पाहिजे, कडी तुटली तर लिहिता येत नाही. तुला येत नसतील तर घरातल्या थोरल्याकडून लिहून माग."

भाऊ, तवाच तुला कार्ड टाकलं असतं तर सरळ होतं. आबाला सगळी नावं तोंडपाठ. पण नावं मागायची तर पोथी कोरी हाय हे सांगावं लागलं असतं. पोळा दीड महिन्यावर. बैल मी घालवला, आता मानबी मीच घालवला असं झालं असतं. मला वाटलं, एकदा आबाला आवडंल असं माझ्याकडून जाऊ दे. त्या रात्री तुमचं घर डोळ्यापुढं आणून आणून लिवलं. आन् ते शेवटचं वाक्य, पांढरी धरील त्याचं नाव राहील, ते भाटाचं न्हाई. ते मी घातलं. आबाच्याच तोंडचं होतं, मी भाटाच्या तोंडात घातलं.

हे सगळं आबाला सांग. म्हणावं, ज्याच्या नावानं तुमी बसलाय, तोच उठून गेलता. बाप टाकून गेलता आन् तरीबी त्याचं गाव झालं. उठल्यानं पाती तुटत न्हाई, आपली तर उठल्यानंच सुरू झाली. मग त्याला मांजरसुंब्याला ने. आन् नावं इचारून घे. भाट दसऱ्याला फिरायला निघतो, संक्रांतीच्या सुमाराला परत येतो.

मला काय म्हणायचं ते म्हण. म्हाताऱ्याला उठव.

म्हाळू


मळेवाडी
१७ नोव्हेंबर १९७२

श्री

भाऊ,

मी सोसायटीच्या हापिसात मस्टरवर अंगठ्याऐवजी सही करतो, त्याचा मला लई अभिमान होता. आज वाटतं, लिवायला शिकलोच नसतो तर बरं झालं असतं.

तू गेलास, वाचून दाखवलंस. सगळं आयकून आबा म्हणला, "म्हाळूचा कागद माझ्या पटक्यात हाय. हा दुसरा म्हाळूचा न्हाई. भगवानरावनं लिवून घेतला. मला हितून उठवायचा आन् पुढल्या पोळ्याला मान घ्यायचा, हा डाव हाय." तू म्हणलास, अक्षर बघा. आबाला अक्षर कुठं येतं? त्याला दोन्ही कागद सारखेच काळे. मग तुलाच म्हणला, "शाद्या, तू सोसायटीच्या वळणाला लागलास. येसबा बाप टाकून गेला असं तुझ्या जिभेला म्हणवलं कसं?" नावं इचारलीस तर तोंड फिरवून बसला. "चोराला खुंटीची जागा दावू का," म्हणला.

माझं खोटं त्यानं उराशी धरलं आन् खरं तुझ्या तोंडावर फेकलं. तुला उगीच बोल लागला.

तू लिवलंस, वैनीनं दशम्या बांधून दिल्या त्या त्यानं घेतल्या. हात लई बारीक झालेत. हिरीत उतरताना दोराला धरून आदी थोडा येळ उभा राहतो, मग उतरतो. तुला त्यानं खाली उतरू दिलं न्हाई, म्हणला, "माझं पाणी मी काढतो." तुला कामावर हजेरी होती, तू परत आलास. बरोबर केलंस. लेकरांच्या तोंडात काय घालशील न्हाईतर.

मी येतो. तोंडानं सांगितलं तर त्याला खरं वाटंल. पुढं उभा राहिलो आन् म्हणलं, आबा, खैऱ्याला मी मारला, पोथीचं मी खोटं लिवलं, तर तो काठी घेईल. काठी घेतली म्हंजे आयकलं. आठ दिवसांत निघतो. वैनीला सांग, माझ्यासाठी येगळं काई करू नको.

म्हाळू


मळेवाडी
१५ जानेवारी १९७३, सोमवार

भाऊ,

तुझ्या कार्डावर वर श्री न्हवतं, तवाच कळलं. खालचं वाचायच्या आदी मी पाटाच्या कडंला बसलो. पाच ओळी होत्या. आबा येसबाच्या हिरीत, खालच्या पायरीवर, झिऱ्याशी. भिवराबाई लेकीकडं गेलेली, गावात कोणीच न्हाई. चवथ्या दिवशी कोतवाल आला, त्याला दिसलं. घागर अर्धी भरलेली होती असं तू लिवलंस. ते कावून लिवलंस?

सहावी ओळ न्हवती. परत पत्र लिवू नको, हेबी तू लिवलं न्हाईस, म्हणून लिवतोय. त्यानंतर मी दोन धाडली, दोन्ही तशीच परत आली. हे उघडं कार्ड हाय म्हणून आत लपवायला जागा न्हाई, बारीक लिवतो. दोन कार्डं जोडून धाडतो.

मी आलतो. हे तुला कोणी सांगितलं न्हाई, कारण कोणाला म्हाईत न्हाई. नोव्हेंबर सरता सरता मांजरसुंब्याला उतरलो. ढाब्यावर चहा घेतला. रस्त्याच्या कडंला खडीचे ढीग लागलेले, लांबवर माणसं. तू मला दिसलास. डोक्याला फडकं, एक पाय पसरून बसलेला, हातोडा वर जायचा, खाली यायचा. तुझ्या मागं वैनी पाटी उचलत होती. तिचा अंगठा बांधलेला होता. मी पन्नास पावलांवर होतो. तुझ्याकडं गेलो असतो तर तू मला घेऊन गावाला गेला असतास, तीन कोस, सांजच्या आत आबा भेटला असता. जिता होता तवा तो. मी हिशेब लावून बघितलाय, तो जायच्या बारा दिवस आदी.

चहाचा कप तसाच ठेवला आन् उलट्या एसटीत बसलो. काठीला भ्यालो न्हाई. आबा मला बघून खूश झाला असता, "कागद धाडणारा आला" म्हणून पटक्यातनं कागद काढून दावला असता, त्याला भ्यालो. हितं येऊन इसाकला सांगितलं, सगळे बरे हायत. तो म्हणला, "मग तुझं तोंड कावून असं?" म्हणलं, एसटी लागली.

आता कामाचं.

हरचंद भाट काल संक्रांतीला आला. दुसऱ्या डोळ्यानंबी कमी दिसायला लागलंय. त्याचा पोरगा एसटीत कंडक्टर झालाय, पोथ्या त्याला नको हायत. म्हणून ही त्याची शेवटची फेरी. मला बघितल्या बघितल्या म्हणला, "बीडवाल्या, आणलीस का नावं?" मी म्हणलं, माझा बाप गेला. तो म्हणला, "मग त्याचंही लिहू. सांग, मी शाई घोटतो."

त्यानं पोथी सोडली. येसाजीच्या खाली टाक धरून बसला. मी खालनं वर सांगायला लागलो. शहादेव आन् म्हाळू. त्यांचा बाप त्रिंबक. त्याचा बाप सखाराम. त्याचा बाप बाळाजी. आन् त्याच्या वर मला येत न्हाई. बाळाजी आन् येसबाच्या मधी तीन नावं हायत, तीन हे नक्की, कारण आबा बोटावर मोजायचा. भाटानं टाक तसाच धरून ठेवला. लई येळ. शाई सुकली तसा पुन्हा दौतीत बुडवला.

पोळ्याला बैल तोरणाखाली न्यायच्या आदी आबा त्याच्या कानात सगळी नावं सांगायचा, येसबापासून. दर साली सांगायचा. मी खैऱ्याची येसण धरून समोर उभा, माझं ध्यान ढोलाकडं, कवा सुटतो आन् कवा पळवतो. तू आबाच्या खांद्याशी उभा राहायचास, मागं. तुला आयकू येत असंल. एखादं तरी. त्यातलं एक नाव झाडाचं हाय का कशाचं, असं मला उगीच वाटतंय. एका नावाला आबा थांबायचा आन् बैलाच्या कपाळाला हात लावायचा.

माझ्याशी बोलू नको. मला भाऊ म्हणू नको. कार्डावर नुसती तीन नावं लिव, खाली सही करू नको, वर श्रीबी घालू नको. माझं नाव पोथीत नको असंल तर तसंबी लिव, मी भाटाला गाळायला सांगतो. आबाचं चढू दे. भाट म्हणतो, मधली कडी न्हाई तर त्याला एक अक्षरबी लिवता येणार न्हाई, त्याची तशी शपथ हाय.

भाट बेस्तरवारी सकाळच्या गाडीनं जाणार. मी थांबा म्हणलं, तो म्हणला, "पोरा, मला कोण थांबतंय?"

आज सोमवार. हे कार्ड तुला शनवारी मिळंल.

तरी लिवून धाड.

म्हाळू